मोजणी संपेपर्यंत

३ तारीख, सोमवार
स्टोअर, दुपारची सुट्टी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं नसशील, तर आधी एवढंच सांगतो की घरी कुणी आजारी नाही. तुझा पत्ता शेजारच्या काकूंच्या भाच्याने दिला. तो ट्रक रंगवून घ्यायला तुमच्या गॅरेजात आला होता. त्याने तुला ओळखलं, तू त्याला ओळख दिली नाहीस.

लिहिण्याचं कारण साधं आहे. बाबांच्या दुकानाची जागा मालकाला परत हवी आहे. तीस तारखेला चावी द्यायची. मग कटिंगचं टेबल, मशीन, कापडाचे गठ्ठे सगळं घरात येणार, म्हणजे पुढच्या खोलीत. आणि पुढच्या खोलीतून सध्या अंग तिरकं करून चालावं लागतं. तू असताना जेवढं सामान होतं त्याच्या दुप्पट धर. आईचं तेच चालू आहे. वस्तू सापडली नाही की नवीन आणायची, नवीन आणली की जुनी सापडते, मग दोन्ही ठेवायच्या. परवा ती किसणी घेऊन आली. मी ओट्याखालून तीन किसण्या काढून तिच्यासमोर मांडल्या. तर म्हणते, "ह्या दिसल्या असत्या तर मला काय हौस आली होती चौथी आणायची?"

बाबांचं म्हणणं, एक मोठं लोखंडी कपाट घ्यावं आणि सगळं त्यात कोंबावं. मी म्हटलं, कपाट ठेवायला आधी जागा करावी लागेल, आणि जागा झाली तर कपाट कशाला? बाबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "कारकून तो कारकूनच." तू ठेवलेलं नाव अजून चालू आहे.

मी ज्या पंपांच्या कारखान्यात स्टोअरला आहे तिथे वर्षातून एकदा मोजणी असते. शटर अर्धं खाली ओढतात. मोजणी संपेपर्यंत एक नट आत यायचा नाही की बाहेर जायचा नाही. मोजलेल्या प्रत्येक वस्तूला स्टिकर लागतो. हिरवा म्हणजे लागते. लाल म्हणजे काढून टाका. पिवळा म्हणजे मालकाला विचारा, तोवर हात लावू नका. तीच पद्धत मी घरी चालू केली आहे. भिंतीवर कोपऱ्यांची यादी चिकटवली. कोपरा मोजून झाला की काय निघालं ते लिहायचं, तारीख घालायची आणि 'पूर्ण' म्हणून सही करायची. यादी संपेपर्यंत घरात नवीन काही येणार नाही. सुईसुद्धा नाही. आईने कबूल केलं. बाबांनी नुसती मान हलवली.

तुझ्या वस्तूंना पिवळा लागला म्हणून हे पत्र. निळा स्वेटर, कोपराला उसवलेला. काच फुटलेलं हेल्मेट. रंगाचे ब्रश, एक डबा भरून. आणि माळ्यावरची लोखंडी पेटी, शाळेच्या पुस्तकांची. पेटीचं सगळ्यात शेवटी बघू, घाई नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते कळव.

कात्रीबद्दल मी काही लिहिणार नव्हतो आणि लिहीतही नाही.

तुझा,
कारकून


९ तारीख, रविवार
घर

दादा,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो हे मला माहीत आहे, तरी रोज दोनदा विचारतो.

स्वयंपाकघर पूर्ण झालं. टॉर्च अकरा निघाले, त्यातले दोन लागतात. छत्र्या सहा. वाटीभर सेफ्टी पिना. आईच्या जुन्या शिलाई मशीनचा कोपरा काल मोजला. मशीनमागे स्वतः पोटावर झोपून बघितलं. बॉबिन चार, खडूचे तुकडे, बाबांच्या जुन्या चष्म्याची एक काडी. बस. यादीवर लिहिलं, सही केली.

आणि कात्र्या निघाल्या. सगळ्या कोपऱ्यांतल्या मिळून सात. सहा वर्षांत सात. मी त्या पुढच्या खोलीत ओळीने मांडल्या आणि तेव्हाच बाबा आले. मांडायला नको होत्या. त्यांनी एकेक उचलली, हवेत चालवून बघितली आणि खाली ठेवली. "ही नखं कापायला बरी. ही कागदाला. ही..." मग त्यांनी अंगठा दाखवला. पार सुजला आहे. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय, आठ-आठ थर एकदम कापायचे असतात, या कात्र्या तिसऱ्या थरालाच चावायला लागतात.

"नवीन घ्यावी लागणार," बाबा म्हणाले.

"मोजणी संपेपर्यंत नाही, बाबा."

"कर की मोजणी. अख्खं घर उलथं कर. माझ्या मास्तरांनी मला दिलेली कात्री निघाली तर तुझ्या यादीला फ्रेम करून लावीन. पण निघायची नाही. ज्याने विकली त्याला विचार."

आई भांडी आपटायला लागली. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण अशी दर दोन दिवसांनी जीभ घसरते. लायसन्सच्या फीसाठी तू बाबांच्या मागे लागला होतास आणि त्याच आठवड्यात कात्री गेली, म्हणून बाबांनी तो निष्कर्ष काढला. तुझी पिशवी दारात उलटी केली. काकू, त्यांची मुलं, समोरचे, सगळे बघत होते. तू एक शब्द बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलास. मी तेरा वर्षांचा होतो. आठवतं त्याहून जास्त मला आठवायचं नाही.

आई म्हणते माळा आधी काढू. मी म्हटलं, माळा शेवटी. का रे, म्हणाली. मी म्हटलं, धूळ खाली पडेल, खालचं परत पुसावं लागेल. ती म्हणाली, "अरे म्हणूनच वरून सुरू करायचं असतं ना!" तिचं बरोबर होतं. मी पाणी भरायचं निमित्त काढून उठलो.

तू नुसतं एवढं लिही की पेटी राहू दे. म्हणजे पिवळा स्टिकर कायम राहील आणि तिला कुणी हात लावणार नाही.

तुझा,
कारकून


१३ तारीख, गुरुवार
स्टोअर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीनच ओळी आहेत, त्यामुळे पाठ झाल्या. "पेटी न उघडता भंगारात घाल. बाकीचं काय हवं ते कर. परत लिहू नकोस."

मी परत लिहितो आहे. रागावू नकोस.

'न उघडता' असं का लिहिलंस? नुसतं भंगारात घाल म्हटलं असतंस तरी चाललं असतं. कालपासून मी त्या दोन शब्दांपुढे सरकत नाही. आज वायसर काढायला सांगितले तर मी बेअरिंग काढून दिले. साहेब म्हणाले, "घरी मोजणी आणि इथे उधळण, असं नको."

कार्ड आईने वाचलं. तिने मलाच विचारलं, "अक्षर त्याचंच ना?" मी हो म्हटलं. मग तिने ते डाळीच्या डब्याखाली ठेवलं. बाबांनी वाचलं नाही, पण पेटीचं ऐकलं. म्हणाले, "भंगारवाला रविवारी येतोय ना? त्याच्या ताब्यात द्यायच्या आधी मी ती उघडणार. माझ्या घरातून काय काय गेलं ते एकदा कळू दे."

आई म्हणाली, "अहो, शाळेची पुस्तकं आहेत."

"मग बघायला काय हरकत आहे?"

मी म्हटलं, वाळवी असेल, घरभर होईल. बाबा म्हणाले, लोखंडाच्या पेटीला वाळवी? मी म्हटलं, किल्ली हरवली आहे. बाबा म्हणाले, कुलूप तोडू.

किल्ली हरवलेली नाही. माझ्या पाकिटात आहे, सहा वर्षं. हे तुला का सांगतोय मला कळत नाही.

रविवारला मधे दोन दिवस आहेत.

कारकून


१८ तारीख, मंगळवार
घर

दादा,

आनंदाची बातमी. कात्री सापडली!

शनिवारी आई बाजारात आणि बाबा दुकानात होते तेव्हा सापडली. मशीनच्या मागे, भिंतीच्या फटीत, फडक्यात गुंडाळलेली. गंज नावालाही नाही. मी दुकानात नेऊन बाबांच्या हातात दिली. त्यांनी फडकं सोडलं आणि आधी कात्री बघितलीच नाही. कानाजवळ नेऊन तीनदा उघडली, मिटली. "हाच आवाज," म्हणाले. मग समोरचा आठ थरांचा गठ्ठा एका दमात कापला, कडा अशी की मोजपट्टी लावावी. गिऱ्हाईक ताटकळलं होतं, ते म्हणालं, "मास्तर, आमचं माप घेताय ना?" बाबा त्याला म्हणाले, "थांबा हो, सहा वर्षांनी भेटतोय." आई घरी ऐकून रडली आणि लगेच ओट्याकडे तोंड करून पोळपाट पुसायला लागली. स्वच्छ होता तरी.

म्हणजे कात्री कुणी घेतलीच नव्हती, पडली होती. तुझ्यावरचा आळ गेला. जेवताना बाबा म्हणाले, "तो वेडा उगाच गेला." तेवढंच म्हणाले, पण म्हणाले. रविवारी भंगारवाला आला आणि छत्र्या, टॉर्च, जुने पत्रे घेऊन गेला. पेटीची कुणाला आठवणही झाली नाही. ती वर आहे तशी आहे.

आता तुला यायला हरकत नाही. तीस तारखेला टेबल हलवायचं आहे, दोन माणसं लागतील. ये.

अक्षर जरा हललं आहे. टेबल डुगडुगतं.

तुझा,
कारकून


२१ तारीख, शुक्रवार
स्टोअर

दादा,

मागचं पत्र खोटं आहे. फाडून टाक. किंवा ठेव, माझ्याविरुद्ध कामाला येईल.

माझ्याच यादीने मला धरलं. काल आई यादीसमोर उभी होती. तिने बोट ठेवून वाचलं: "मशीनमागे. आठ तारीख. बॉबिन चार, खडूचे तुकडे, चष्म्याची काडी. पूर्ण." खाली माझी सही. मग हळू आवाजात म्हणाली, "तू मोजलंस आणि तुला दिसली नाही? तुला?"

मी यादीचा सुटलेला कोपरा भिंतीवर दाबला.

"दादाच्या पेटीत होती ना?"

मी खाली बसलो. ती माझ्याजवळ बसली आणि, दादा, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "भावासाठी खोटं बोललास. त्याने तसं केलं हे आम्हाला कळू नये म्हणून. गुणाचं रे माझं पोर."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, तुझी चहाडी म्हणून नाही, माझं कौतुक म्हणून. बाबा जेवत होते. ते म्हणाले, "म्हणजे त्यानेच." मग ताटात बघत म्हणाले, "विकायचं धाडस झालं नाही, म्हणून दडवली." आणि उरलेली भाकरी बाजूला सारली. आत्तापर्यंत त्यांना तुझा नुसता संशय होता. आता मी त्यांना पुरावा दिला.

हे आता लिहून टाकतो. मी लिहितो, तू वाच, मग काय करायचं ते कर.

त्या दिवशी मी घर आवरत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, मला तेव्हाही तो रोग होता. काकूंचं लहान मूल आमच्या खोलीत रांगत होतं आणि कात्री खाली पडलेली. बाबा ती रात्री धार लावायला घरी आणायचे. मी ती फडक्यात गुंडाळली, वर चिठ्ठी लावली आणि लोखंडाची वस्तू लोखंडात म्हणून तुझ्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. तुझी शाळा सुटून तीन वर्षं झाली होती, पेटी तशीही माळ्यावर जायची होती. तासाभराने आई म्हणाली, आजच चढवून टाका. मी कात्री विसरलो होतो. पेटी तू चढवलीस. मी खाली स्टूल धरलं होतं. वर ढकलताना आत काहीतरी घसरून पत्र्यावर आपटलं आणि तू विचारलंस, "काय घातलंस रे आत, कारकुना?" तेव्हा मला आठवलं. आणि मी म्हटलं, "तुझी कंपासपेटी असेल." कारण पुन्हा उतरवायला लावलं असतं तर तू चिडला असतास. एवढंच कारण होतं. वाटलं, उद्या बाबा विचारतील तेव्हा सांगू.

उद्या बाबा विचारत नव्हते, ओरडत होते. म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तुझी पिशवी उलटी झाली. वस्तू पायरीवरून गडगडत होत्या आणि तू एकदा, एकदाच, माझ्याकडे बघितलंस. बाबांकडे नाही. माझ्याकडे.

'न उघडता' मला आता कळलं. तो आवाज तूही ऐकला होतास. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? मला मार पडू नये म्हणून तू गप्प बसलास आणि मी त्याचा फायदा घेत राहिलो. दहावीत शाळा सोडून कामाला लागलो तेव्हा सगळे म्हणाले, धाकट्याने घर सावरलं. मी ते ऐकून घेतलं.

रविवारी सांगणार आहे. तोवर दोन दिवस आहेत असं लिहिणार होतो. पण मागच्या वेळीही दोनच दिवस होते आणि मी त्यांचं काय केलं ते तुला माहीत आहे.


२४ तारीख, सोमवार
घर

दादा,

सांगितलं. काल सकाळी. जसं झालं तसं लिहितो.

बाबांनी दुकानातलं टेबल आठवडाभर आधीच हलवलं. मालकाच्या माणसांनी आणून टाकलं. पुढच्या खोलीत ते बरोबर मावलं, चारी बाजूंनी माणूस सरळ चालतो. बाबा गणवेश कापत होते. मी समोर उभा राहिलो.

"बाबा, कात्री दादाच्या पेटीत होती."

"सांगितलं आईने. संपलं ते."

"मी ठेवली होती."

कात्री थांबली नाही. "त्याच्यासाठी अजून किती खोटं बोलशील?"

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. शनिवारी माळ्यावर वाकून बसून पेटी उघडली तेव्हा ती फडक्यावर तशीच होती. मी ती काढून खिशात घातली आणि मग कात्री खाली आणली. वही फाडून केलेली चौकोनी चिठ्ठी: "बाबांची मोठी कात्री. धार आहे. सांभाळून उघडणे." शेवटी पूर्णविराम.

बाबांनी चष्मा लावला. तोच, सापडलेली काडी दोऱ्याने बांधलेला. वाचलं. पुन्हा वाचलं. कात्री अर्ध्या थरात उघडी राहिली. अर्धवट कापलेला थर बाबांनी सोडलेला मी आजवर बघितला नव्हता.

"तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही ओरडत होतात. म्हटलं संध्याकाळी सांगू. मग तुम्ही त्याची पिशवी... मग..."

"मग सहा वर्षं," आई म्हणाली. ती दारात कधी आली मला कळलं नव्हतं. "सहा वर्षं माझ्या हातचं जेवलास. मी दाराकडे बघत जेवायचे ते समोर बसून बघत होतास. आणि परवा मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, तोही घेतलास."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वाटलं होतं बाबा मारतील. सहा वर्षं त्याचीच तर भीती होती. ते स्टुलावर बसले आणि सुजलेला अंगठा दुसऱ्या हाताने दाबत राहिले. मग म्हणाले, "पिशवी उलटी केली तेव्हा तो काय म्हणाला होता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं, बाबा."

"आणि मला नव्हतं," बाबा म्हणाले. "तू तेरा वर्षांचा होतास. मी किती वर्षांचा होतो?"

आई दारातून आत आली. मग बाबांनी मला वही आणायला सांगितली. त्यांनी सांगितलं तसंच पुढे उतरवतो आणि त्यांना वाचून दाखवलं आहे. "कात्री सापडली म्हणून ये असं लिहू नकोस. ती सापडली नसती तरी मी त्याची पिशवी उलटी करायला नको होती. त्याला बोलावू नकोस. मी येतो म्हणून लिही. तीस तारखेला मालकाला चावी देऊन पहिल्या गाडीने निघेन. गॅरेजच्या फाटकाबाहेर उभा राहीन. आत घेतलं तर आत येईन. नाही घेतलं तर संध्याकाळची परतीची गाडी आहे, त्याने त्याची काळजी करू नये." मग म्हणाले, "पिशवी आणेन एक. त्याला हवी तर उलटी करून बघू दे. स्वेटर आहे आत."

स्वेटरचा कोपर आईने शिवला. माझ्याशी ती अजून बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट ठेवून आत जाते. तिचं बरोबर आहे.

चिठ्ठी बाबांनी परत दिली नाही. मापाच्या वहीत ठेवली.

यादीवर आता एकच ओळ राहिली आहे, माळा. मी आणि बाबांनी काल दुपारी पेटी उतरवून बघायचा प्रयत्न केला. त्यांच्या अंगठ्यात जोर नाही, ती तिथेच अडकली. म्हणजे मोजणी संपलेली नाही आणि घरात नवीन काही येत नाही. आईचं चहाचं गाळणं फाटलंय. ती फडक्याने चहा गाळते, पण गाळणं आणू का असं एकदाही विचारलं नाही. बाबांनी सातही कात्र्यांना लाल लावला.

मी त्यांच्याबरोबर यायचं की नाही, ते बाबांनी माझ्यावर सोडलं आहे. मी तुझ्यावर सोडतो. माझ्या नावाला पिवळा लागलाय असं समज. तू काही कळवलं नाहीस तर मी येणार नाही, फाटकाबाहेर बाबा एकटेच असतील. तू त्यांना परत पाठवलंस तरी ते खरं बोलून परत येतील, आणि मीही पुढे खरंच बोलेन.

आणि कधी, यावर्षी नाही तर पुढच्या, पेटी उतरवायला आलास, तर वर तूच चढ. स्टूल मी धरीन. आत पुस्तकं आहेत आणि कंपासपेटी आहे. बाकी काही नाही. मी नीट बघितलं आहे.

तुझा धाकटा भाऊ